न दिसणारी भिंत

माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम कोणालाही दिसू नये, अशी व्यवस्था मी स्वतःच केली होती.

कुवेतमध्ये वफ्राला अबू सालेम यांची बाग आहे. बैठकीच्या खिडकीतून पाहिलं की मेंढ्या बागेच्या हिरवळीवरच चरताहेत असं वाटावं, पण त्यांनी गुलाब खाऊ नयेत, ही मालकांची इच्छा. (मेंढ्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.) उपाय जुनाच आहे. मध्ये चर खणायचा, बागेकडची बाजू सरळ बांधून काढायची, पलीकडची उतरती ठेवायची. भिंत जमिनीखाली राहते. मेंढी अडते, नजर अडत नाही.

माझं हे पहिलं स्वतंत्र काम. मालक पसंती देणार त्या दिवशी मी मुद्दाम बाबांना फरवानियाच्या घरून सोबत नेलं. बाबांनी राजापूरकडे जन्मभर लोकांच्या बागांचे दगडी गडगे (बिनगाऱ्याची कुंपणं) रचले, त्यावर मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो. व्हिजिट व्हिसा संपायच्या आत त्यांना शिक्षणाचं चीज दाखवायचं होतं.

बाबा काठावर जाऊन वाकले.

"दिसत नाय तो गडगा कसला?"

"न दिसणं हीच तर त्यातली कला, बाबा."

"आनि मानूस पडला तर?"

"माणसाला डोळे असतात."

मी आत गेलो. मालकांचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर यांत दोन-तीन तास गेले. मग त्यांनी थाटात पडदा सारला. समोर हिरवळ, पलीकडे मेंढ्या आणि मधोमध गुडघाभर उंचीचा, आठ हात लांब, अस्सल कोकणी गडगा! उरलेले दगड वाया जाऊ नयेत म्हणून बाबा फटीत दगडाची शेवटची चीप ठोकत होते.

"मोहंदिस, ये क्या है?" अबू सालेम यांनी विचारलं. (मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. अजून तरी मी होतो.)

मी धावत सुटलो आणि गडगा उधळायला लागलो. पण बाबांचा दगड सहजी हलत नाही. तिसऱ्याला खांदा लावला. तो हलेना, हलेना, आणि मग दगड आणि मी, दोघंही एकदमच निघालो. पाच फूट खाली, ताज्या लेंड्यांवर. पलीकडच्या उतारावरून एक मेंढी शांतपणे आली आणि माझ्या खिशातला नकाशा खाऊ लागली.

वरून बाबा म्हणाले, "म्हनून रचलेला."

अबू सालेम डोळे पुसेपर्यंत हसले. शिडी आली, पसंतीची सहीही मिळाली; अट एकच, गडगा पूर्ण काठभर हवा. आता पाहुणे त्याच्यापाशी फोटो काढतात. खाली माझीही एक भिंत आहे, हे सांगावं लागतं.

बाबा परत गावी गेले. पोराचं काम कसं आहे, असं कोणी विचारलं की म्हणतात, "मी वरनंच बगितलं. आतनं त्यानं बगितलंय."