कोळशाचे बूट

वणीच्या कोळसा खाणीवर ट्रक चालवणाऱ्या उद्धवची बूट घालून घरात शिरायची टाप नव्हती. बायको शेवंता उंबऱ्यातच असा दम भरायची की गल्लीतली कुत्रीही पाय पुसून जात असतील!

पण नागपूरला तिच्या मेंदूतली गाठ काढली आणि ती घरी आली, ती गोगलगाय होऊनच. भाजी खारट झाली तरी म्हणे, "चांगली हाय." डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल पूर्वीसारखी. उद्धवला कुठला धीर! तो रोज काळे बूट घालून थेट स्वयंपाकघरात जायचा. ती नुसती हसायची. मग फरशी तोच पुसायचा.

एका संध्याकाळी मात्र धाडकन ताट आपटलं.

"डोये फुटले काय तुमचे? हे पुसन कोन? निंगा बाहीर!"

उद्धव गल्लीत नाचतच सुटला. "हाकललं मले! बायकोनं हाकललं!" धीर द्यायला धावलेल्या शेजारणींच्या हातावर त्याने नाक्यावरून आणलेली गरम जिलेबी ठेवली.

घरी परतल्यावर अंगणात त्याने पाय दोनदा घासून धुतले. आतून आवाज आला, "पाय धुतले काय?"

"नाई धुतले वं!" उद्धव हौसेनं ओरडला.