सुखदेवभाऊंनी कापू न दिलेली चूक

कारखान्यातला एक फायरमन सायकलवर माझ्या क्वार्टरवर आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊ गेले जी," एवढंच बोलला आणि अंगणातच बसला. सुखदेवभाऊ पहाटे झोपेतच गेले होते. अर्धी दाढी तशीच ठेवून मी निघालो...

आज दीड महिना झाला. चंद्रपूरजवळच्या आमच्या कारखान्याच्या अग्निशमन दलात भाऊ लीडिंग फायरमन होते, पुढे सब-ऑफिसर झाले. मी प्रशिक्षण विभागात कारकून. गडचिरोलीकडच्या धानाच्या गावातून आलेला, घरातला पहिला बी.ए. कॉलेजात लोक हसायचे म्हणून मी 'मले', 'तुले' तोंडातून काढून टाकलं होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी भाऊंनी विचारलं, "कोन्या गावचा रे तू?" मी अगदी शुद्ध, लांबलचक उत्तर दिलं. ते म्हणाले, "गाव सांग म्हनलं, भाषन नाई." त्या दिवसापासून ते माझे भाऊ झाले. माझी खोली त्यांनीच शोधून दिली आणि पहिले दोन महिने डबाही त्यांच्याच घरून आला.

चार वर्षांपूर्वी कारखान्याने नव्या फायरमनांना दाखवण्यासाठी व्हिडिओ बनवायचं ठरवलं. नागपूरहून एक दिग्दर्शक एका दिवसासाठी कॅमेरा घेऊन आले. जुन्या गोदामात धूर करायचा, भाऊंनी पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लावून आत जायचं, बेशुद्ध माणूस खांद्यावर घेऊन बाहेर यायचं. बेशुद्ध माणूस म्हणजे जुन्या वर्दीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून केलेला बाहुला. त्याला सगळे जावईबापू म्हणत, कारण तो स्वतःहून कधी उठत नसे. धुरात शिरण्याआधी एक नियम असतो. आत जाणाऱ्याने आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला दारावरच्या माणसाला द्यायचा. तो बिल्ला खिळ्यांच्या फळीवर लटकवतो आणि वेळ लिहितो. फळीवर बिल्ला आहे, म्हणजे माणूस अजून आत आहे.

धुरासाठी ओली तणस पेटवली आणि वर कॅन्टीनमधून आणलेली पोती भिजवून टाकली. त्या पोत्यांत आधी लाल मिरच्या होत्या, हे कोणी पाहिलंच नाही. धूर निघाला मात्र, सगळ्यांना ठसका लागला. दिग्दर्शक रुमालात तोंड खुपसून खाली बसले. दारावरचा नामदेव फळी तशीच सोडून पाण्याच्या हौदाकडे पळाला. मुखवट्यातल्या भाऊंना यातलं काहीच जाणवलं नाही. शिट्टी झाली की न थांबता आत शिरायचं, असं त्यांना सांगितलेलं होतं. शिट्टी आधीच झाली होती. ते सरळ आत गेले. वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर उभा असलेला कॅमेरामन तेवढा चित्रण करत राहिला.

संध्याकाळी प्रशिक्षण वर्गात टीव्हीवर ते पाहिलं. दाट धूर, धावपळ आणि त्यातून जावईबापूंना घेऊन येणारे भाऊ... सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठून टीव्हीपाशी गेले. "मांगं घ्या जरा," ते म्हणाले. टेप मागे घेतली. "फळी पाहा."

फळीवर एकही बिल्ला नव्हता.

नामदेव रडवेला झाला. "चूक माही होती भाऊ, मीच परालो."

"तुले ठसका लागला बे. मले तं नाई ना लागला."

आमचे साहेब भल्या मनाचे. ते म्हणाले, "तेवढा भाग कापून टाकू. पुढच्या महिन्यात तुमची सब-ऑफिसरची मुलाखत आहे, आणि ही टेप वर जाणार आहे." त्या बढतीची भाऊंनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. वहिनींनी तर शेजारणींना पेढे कबूल करून ठेवले होते.

"साहेब, फळी कापली तं पोट्ट्यायले दिसन का मी बरोबर गेलो," भाऊ म्हणाले. "अन् ते बी तसेच जातीन. आत मानूस हाय हे बाहेर कोनाले मालूम नाई. छत पडलं असतं तं मले शोधाले कोन आलं असतं?"

"पण नाव खराब होईल तुमचं."

"होऊ द्या. मानूस मेल्यावर चांगलं नाव घेऊन काय करता?"

भाग तसाच राहिला. त्यावरचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन दिवस खपून लिहिलं, "प्रस्तुत प्रसंगी सदर अग्निशामकाकडून अनवधानाने..." भाऊंनी वाचलं आणि विचारलं, "हे मी केलो का कोन्या कलेक्टरनं?" मग त्यांनी सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं कागदावर घेतलं: "हा जो धुरात चालला, तो मी सुखदेव. इथी मी चुकलो. बिल्ला दिला नाई. तुमी नोका चुकू." माझ्या अक्षरात आमची बोली पहिल्यांदा सरकारी कागदासारख्या कागदावर उतरली, आणि मला तिची लाज वाटली नाही. टेपवर तो आवाजही भाऊंचाच आहे.

मुलाखतीत त्यांना त्या चुकीबद्दल विचारलंच. त्या खेपेला यादीत त्यांचं नाव आलं नाही. कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. वहिनी मात्र आठवडाभर माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत. बढती पुढच्या खेपेला मिळाली, तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या भाऊच्या हट्टाचे हायेत, खा."

गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. त्याच वर्गात टेप लावली. भाऊंचा आवाज सुरू झाला तसा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. नंतर मैदानात सराव होता. एटापल्लीकडून आलेला, दोन लेकरांचा बाप असलेला एक जण मुखवटा चढवून धुराच्या दारापर्यंत गेला आणि थबकला. मागे वळला, मुखवटा काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "चुकलो जी. बिल्ला खिशातच राह्यला."

कोणी हसलं नाही. दारावर नामदेव होता. त्याने बिल्ला घेतला, खिळ्याला लटकवला, घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि मगच त्याला आत सोडलं.