फूल उमलायच्या आत

दुपारचं जेवण झालं की मला डोळा लागतो. जीव कितीही टांगणीला लागलेला असो, लागतो म्हणजे लागतो. आज तर मुद्दाम खिडकीशी आडवी झालेय, कान बागेकडे ठेवून. फवारणीचा पंप सुरू झाला की उठायचं आणि श्रीरंगला झाडावरून खाली ओढायचं, एवढंच डोक्यात आहे.

सकाळीच आम्हा मायलेकांची जुंपलीय. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आलेत, त्यांचा चिकट खार पडून पानं तुकतुकीत झालीत, आणि घरालगतची कलमं फवारायची राहिलीत. श्रीरंग म्हणतो, "आई, आज नाही मारलं तर संपलं. उद्या फूल उमलेल, मग औषधाला हात लावायचा नाही. मधमाश्या मेल्या तर फळ कोण धरवणार, तू?" बोलणं बापाचं, जसंच्या तसं. मी म्हटलं, "मार की, पण उद्या सकाळी. दुपारी समुद्राचा वारा फिरतो तेव्हा झाडावर चढायचं नाही." गेल्या वर्षी ह्याच मोहोरात, 'उरलंसुरलं उरकून टाकतो' म्हणत हे दुपारचे चढले. वारा फिरला आणि सगळं औषध उलटं अंगावर आलं. उतरले ते भेलकांडतच. हॉस्पिटलात नेलं ते चालत्याबोलत्या माणसाला, आणि परत आणलं ते... जाऊ दे. कळलं तुम्हाला.

"संध्याकाळी वारा पडला की चढतो," असं श्रीरंग कबूल झालाय. पण मेला बापासारखाच आहे, गोड बोलून आपलं तेच करणारा.

पंखा घरघरतोय. आवाज लांब जातो, जवळ येतो. पापण्या जड होतात.

"अगो, चहा टाकतेस का?"

हे दारात उभे आहेत. अंगात फवारणीचा जुना शर्ट, डोक्याला मुंडासं, नाकातोंडावर पंचा घट्ट बांधलेला. दिसतायत ते फक्त डोळे.

"चहा कसला मागताय? वर्ष झालं जाऊन!" मी खेकसते. मेलेल्या नवऱ्याशीसुद्धा मला नीट बोलता येत नाही, रडू मागाहून येतं.

"म्हणून काय चहा सोडू?"

"आधी तो पंचा सोडा. तोंड बघू दे तुमचं."

"थांब, अजून झाडं राहिलीत." आणि चालायलाच लागतात. मी मागोमाग. स्वयंपाकघरात शिरतो तर तिथे बागच आहे. फडताळाच्या जागी विहिरीजवळचं कलम, त्याला तांबूस कोवळी पालवी. "हे दिवाळीच्या सुमाराचं," हे सांगतात. "पालवीवर एकदा मारायचं. तुडतुडे इथेच वाढतात." ओट्यापलीकडच्या झाडाला मोहोराचे बोंगे, कोंबच ते, फुटतायत. "इथे दुसऱ्यांदा." त्याच्यापुढच्या झाडाचा मोहोर पुरा बाहेर आलाय, फुलं मात्र मिटलेली. हे त्यात हात घालून झुपका हलवतात. तुडतुडे तडतड उडतात, माझ्या तोंडावर आपटतात. "आणि इथे शेवटचं. फूल उमललं की बंद. फळ धरेपर्यंत झाडाच्या वाटेला जायचं नाही."

"पाठ आहे हो मला सगळं! लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. एवढंच सांगा, उद्या सकाळी मारलं तर काय आभाळ कोसळेल?"

"उद्या उमलेल."

"उमलू दे! मेल्या चार माश्या तर मेल्या!"

"यंदाचा आंबा जाईल गो."

"जळला तो आंबा! मला माझं पोर हवंय."

आम्ही एसटी स्टँडवर बसलोय. बाकांवर माणसं गाडीची वाट बघतायत, सगळ्यांच्या तोंडावर पंचे. वरच्या पत्र्याला आतून मोहोर लागलाय आणि त्याचा चुरा सगळ्यांच्या खांद्यांवर पडतोय. एक गाडी येऊन लागते. तिची पाटी कोरी आहे. हे उठतात.

"बसा खाली!" मी त्यांचा शर्ट धरते. "आधी श्रीरंगला सांगून जा, चढू नको म्हणून. माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल."

"माझंच तर ऐकतोय."

खरंच की. पोरगं बापाच्या शब्दाबाहेर कुठे गेलंय?

"दिवस तेवढा शिकवलात त्याला. वेळ कोणी शिकवायची?"

"मला तरी कुठे कळली होती," हे म्हणतात. आवाज पंच्यात अडकतो.

मग गाडी नाही, स्टँड नाही. आमची मोरी. हे हात धुतायत. साबण, पाणी, पुन्हा साबण. फवारून आले की हे असेच घासत बसायचे आणि हात माझ्या नाकाशी धरून विचारायचे, "बघ, वास येतो का?" मी येतो म्हटलं की परत धुवायचे. श्रीरंग पाळण्यात होता तेव्हापासूनची रीत. हाताला औषधाचा वास असेतो पोराला शिवायचं नाही.

आताही हात पुढे करतात. मी हुंगते. चांगला छातीभर श्वास घेऊन हुंगते.

"नाही येत," मी म्हणते. "कसलाच नाही येत."

पंच्यावरचे डोळे मोठे होतात. उभ्या जन्मात हे घाबरलेले मी पाहिले नव्हते. माझं मनगट गच्च धरतात.

"अगो, म्हणजे तुझ्या नाकात भरलाय तो. ऊठ! ऊठ आधी!"

डोळे उघडतात. जीभ कडू झालीय. पडदा आत फुगलाय. वारा फिरला. पंखा बंद आहे, वीज कधीची गेलीय. घरघर चाललीय ती पेट्रोलवरच्या पंपाची.

मी अनवाणी धावते, पंप बंद करते.

वर पानांत श्रीरंग ओरडतो, "आई, बंद का केलास? दोनच फांद्या राहिल्यात!"

"उतर."

"अगं, तू झोपली होतीस तेवढ्यात उरकून..."

"उतर म्हणते ना! वारा फिरलाय. तुला वास येत नाही?"

तो पंचा खाली ओढून हवा हुंगतो. "कसला वास?"

मी फांदीखाली हात पसरून उभी राहते. तो उतरायला लागतो, पण शेवटच्या फांदीवर त्याचा पाय नीट पडत नाही. "जरा गरगरतंय गो," म्हणतो, आणि माझ्या अंगावरच येतो. मी त्याला ओढत नळाखाली नेते. कपडे फाडून काढते. एवढा बाप्या माणूस, पण तान्ह्यासारखा त्याला घासते, शेजाऱ्यांच्या नावानं बोंब मारते. त्यांची जीप येते.

आता मी वॉर्डाच्या दाराशी बसलेय. आत त्याला सलाईन लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." मी मान हलवली. कोणामुळे ते काय सांगू त्यांना?

नर्सचं माझ्याकडे लक्ष गेलं. "मावशी, तुमच्याही हातावर औषध उडालंय की. धुऊन घ्या बघू."

बघते तर कोपरापासून खाली सगळ्या हातावर नळाच्या पाण्यानंही न गेलेले, वाळलेले पांढरे ठिपके. मनगटापाशी मात्र चार बोटांच्या ठशांएवढी जागा कोरडी, स्वच्छ. झोपेत तिथे पदर आला असेल, असं मी स्वतःलाच सांगून पाहिलं. पण पदर असा बोटंबोटं उमटवून पडत नाही.

बेसिनवर गेले. साबण लावून कोपरापासून हात धुतला, बोटं धुतली, नखं धुतली. मनगटाची तेवढी जागा राहू दिली.