भट्टीजवळचं टेबल

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही विमलताईंना ओळखत नाही, म्हणून असेल.

गलोंड्याच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग बघायचो. पंख्याच्या मोटरी. तारेचं वाइंडिंग दोन ठिकाणी व्हायचं — एकीकडे नवं मशीन, दुसरीकडे विमलताई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका, धुळ्याकडून येऊन अथालला भाड्याने राहणाऱ्या. कोणाची मोटर जास्त टिकते? मालकांना ते आकड्यांत हवं होतं.

काम सोपं वाटतं. दोन्हीकडच्या मोटरी एकदम सुरू करायच्या, कुठली कधी बंद पडते ते बघायचं, शेवटपर्यंत चालत राहतात त्यांनाही हिशेबात धरायचं. अट एकच — दोन्ही गटांचे हाल सारखे. आणि मी काय केलं? जागा कमी पडली, म्हणून बायकांच्या मोटरी भट्टीजवळच्या टेबलावर लावल्या. वार्निश सुकवायची भट्टी, दिवसभर तापलेली. तिथे नुसतं उभं राहिलं तरी शर्ट भिजायचा. लक्षात आलं नाही, असं म्हणू? आधी नव्हतं आलं, खरंच. पण त्या मोटरी पटापट जळायला लागल्या तेव्हा आलं. मी टेबलावर हात ठेवून पाहिला.

तेव्हा थांबवता आलं असतं. पण टेस्ट पुन्हा लावायची म्हणजे साहेबांपुढे चूक कबूल करायची — आणि माझं प्रमोशन तोंडावर आलेलं. मी टेस्ट तशीच चालू ठेवली. दोन आलेख काढले — मशीनचा वर, बायकांचा खाली, एकमेकांपासून छान लांब. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. भट्टीचं नावही काढलं नाही मी. बायकांना महिनाअखेर घरी बसवलं.

जाताना विमलताईंनी विचारलं, आमचं काय चुकलं? आणि मी — सगळं माहीत असलेला मी — म्हणालो, "तार ओढताना तुमचा हात सैल पडतो." आणि वर मानही हलवली, शहाण्यासारखी. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता फुकटचं वाटतं.

त्या हल्ली सामरवरणीत भाजी विकतात. परवा मी तिथे उभा असताना शेजारची बाई त्यांना सांगत होती, दुसऱ्या कारखान्यात वाइंडिंगला बायका घेतायत, जा की. विमलताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"नको व माय. मन्हा हातनी मोटर टिकत नही. या साहेबनी तपासी पाहेल शे."

मी भेंडी निवडत होतो. निवडत राहिलो.