पाचवा ‘का’

आमच्या सोसायटीची लिफ्ट, पाण्याची मोटर आणि माझी अब्रू या तिन्ही गोष्टी एकाच रविवारी सकाळी बंद पडल्या. तिन्हींचं बटण मीच दाबलं होतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी सांभाळते. माझ्या सहीशिवाय तिथून एक वॉशरसुद्धा बाहेर पडत नाही. घरीही फारसं वेगळं नाही. डब्यांना लेबलं, चपलांना ठरलेल्या जागा आणि भिंतीवरचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे, कारण कंपनीची बस मोशीच्या थांब्यावर कोणाच्या बापासाठी थांबत नाही. या शिस्तीत न बसणारी एकच वस्तू घरात आहे. आमचे हे.

ह्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद. तोही सरकारी परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून केलेला नाद, त्यामुळे मला मोडताही येत नाही! गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अँटेनाची तार आणि बेडरूमच्या कोपऱ्यात रेडिओ नि लॅपटॉप. बरं, त्यावर बोलतात म्हणावं, तर तेही नाही. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर चार शब्दांचा निरोप बारीक शिट्ट्यांमध्ये गुंडाळतं, रेडिओ त्या शिट्ट्या हवेत सोडतो आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी सॉफ्टवेअर त्या उलगडून वाचतं.

“अगं, कानाला ऐकूसुद्धा येणार नाही इतका क्षीण सिग्नल असतो, तरी हे वाचतं!” हे अभिमानाने सांगतात.

“मी कानाशी ओरडते, तेही तुम्हाला ऐकू येत नाही. यातूनच पाठवत जाऊ का?”

तर या तारेवर आमच्या चेअरमनांची नजर पडली. त्यांना सगळे तात्या म्हणतात. ही सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरचा कांदा निघायचा, त्यामुळे गच्चीच काय, वरचं आभाळही आपलंच आहे असं त्यांना वाटतं. शेजारच्या शिंदे वहिनींनी तक्रार केली होती की तारेमुळे त्यांचा टीव्ही मुंग्या दाखवतो.

“इंजिनेर, ह्या तारेचा उपयोग काय?” तात्यांनी ह्यांना जिन्यात गाठलं.

“तात्या, जगाशी संपर्क होतो.”

“मोबाइलवर न्हाई व्हत?”

हे चष्मा पुसू लागले. (उत्तर माझ्याकडेही नव्हतं, पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.)

“रविवारी घरी या तात्या,” मी म्हणाले. “तुमच्या समोर परदेशातून उत्तर आणून दाखवू. नाही आलं, तर तार मी स्वतः उतरवते!”

“अगं...” हे म्हणाले.

“ठरलं,” मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा उतरला. ती तार लावायला त्यांनी दोन उन्हाळे घालवले होते. पण माझा पाहुणचार कधी फसत नाही. शनिवारी मी बेडरूम आवरली, तारांचा गुंता चिमट्यांनी बांधला, टेबल पुसलं आणि एकूण घराच्या शिस्तीत लॅपटॉपलाही आणून बसवलं.

रविवारी तात्या आले. पोहे झाले, चहा झाला. ह्यांनी रेडिओ लावला. बिघडलेल्या पिपाणीसारखा आवाज आला, लॅपटॉपवर पिवळ्या रेघा धबधब्यासारख्या वरून खाली सरकू लागल्या. रेघांशेजारी अक्षरं उमटायला हवी होती. उमटली नाहीत.

“सिग्नल तर येतोय,” हे घाम पुसत पुटपुटले. “मग वाचत का नाहीये?”

“त्येला बी चष्मा लागला आसंल,” तात्या म्हणाले.

मी पुढे सरसावले. “अहो, खरखर कशाने होते?”

“मोटर, पंखे, फ्रिज, कशानेही. पण आज तेवढी...”

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. घराचं मेन स्विच पाडलं. रेडिओ बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर, त्यांना धक्का नाही. पिवळ्या रेघा जरा स्वच्छ झाल्या. अक्षर नाही. मी खाली जाऊन पाण्याची मोटर बंद केली. अक्षर नाही. मग लिफ्टही बंद केली.

वर येते तो जिन्यात ओरडा. टाकी आधीच तळाला गेलेली, त्यामुळे पाचव्या मजल्यावरचे जगताप अंगभर साबण आणि कमरेला टॉवेल अशा थाटात नळाच्या नावाने शिव्या घालत होते. आणि लिफ्टमधून शिंदे वहिनींचा आवाज येत होता. दळणाचा डबा घेऊन गिरणीवरून परतत होत्या, दोन मजल्यांच्या मध्ये लटकल्या.

“तारेमुळेच झालं हे!” त्या आतून ओरडल्या. “आधी माझा टीव्ही, आता मी!”

लिफ्ट चालू करून त्यांना बाहेर काढलं, मोटर आणि घराचं मेन स्विचही सुरू केलं. वहिनींच्या केसांत पीठ होतं. त्या माझ्या घरात येऊन ठाण मांडून बसल्या. तात्या उठले.

“चला, तार उतरवू.”

ह्यांनी पक्कड उचलली. ते मला बघवेना. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन काढलं.

“थांबा. आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्याला मूळ कारण सापडतंच. शंभर पोरांना शिकवलीय मी ही पद्धत! अहो, सांगा. अक्षरं का उमटत नाहीत?”

“सॉफ्टवेअरला निरोप उलगडता येत नाही.”

“का?”

“जगभर सगळे पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या लावून पाठवतात. पाळी चुकली की नुसती शिट्टी ऐकू येते, निरोप कळत नाही.”

“पाळी का चुकली?”

“लॅपटॉपचं घड्याळ चुकलं तरच चुकेल. पण ते बरोबर आहे गं. सकाळीच भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तंतोतंत!”

तात्यांनी खिशातून मोबाइल काढला. भिंतीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं.

“दोन्ही बी पाच मिन्टं फुडं हायती की!”

“लॅपटॉप पुढे का?” हा चौथा ‘का’ वहिनींनी विचारला. माझ्याकडे बघून.

“शनिवारी मी लावला,” मी म्हणाले. “सगळं घर एका वेळेवर हवं. त्यात आपोआप वेळ लावायचं एक बटण होतं, ते सारखं माझं घड्याळ मागे ओढत होतं. ते बंद केलं. घरात माझ्यापेक्षा शिस्तीचं कोणी मला चालत नाही.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, बरोब्बर पाच मिनिटं पुढे असतं तरी चाललं असतं! पाच मिनिटांत पुऱ्या वीस पाळ्या बसतात, त्या जुळल्या असत्या. तू मिनिटं लावलीस, वरचे सेकंद सोडलेस!”

म्हणजे मी चुकलेच, आणि चुकतानाही काटेकोर राहिले नाही. मायक्रॉनची चूक पकडणारी बाई मी!

“आन् पाचवा का?” तात्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. “त्यो ऱ्हायला.”

“पाचव्याचं उत्तर माणसाचं नाव नसतं तात्या, पद्धतीतला दोष असतो,” मी ठासून सांगितलं.

“बरं. पद्धत कुणाची?”

मी पेनाचं टोपण लावलं.

ह्यांनी ते आपोआप वेळेचं बटण चालू केलं आणि पुढच्याच पाळीला अक्षरांची रांग लागली! ह्यांनी हाक पाठवली. फिनलंडमधून कोणीतरी उत्तर दिलं.

“काय म्हन्तोय?”

“आपला सिग्नल त्याला उणे अठरा मिळाला.”

“उणे? म्हंजी नापास?”

“नाही तात्या, पास! उणे वीसपर्यंत वाचता येतं.”

“एवढ्या लांबून फकस्त मार्क दिलं? च्या झाला का, इतकं बी न्हाई इचारलं?” पण तात्या खुर्ची ओढून पुन्हा बसले. जेवणाची वेळ झाली तरी उठेनात. जाताना म्हणाले, “तार ऱ्हाईल. वहिनींचा टीव्ही मी बघतो. फकस्त मॅडमना त्या डब्याला हात लावू देऊ नका.”

हार मानून बसणं माझ्या स्वभावात नाही. दोष सापडला की दुरुस्ती झाली पाहिजे. त्याच संध्याकाळी मी घरातली सगळी घड्याळं सेकंदासकट अचूक लावली.

सोमवारी सकाळी सवयीने घड्याळाकडे पाहिलं, मनातल्या मनात पाच मिनिटं वजा केली, निवांत चहा संपवला आणि थांब्यावर पोचले, तेव्हा समोर फक्त बसचा धूर होता.

कंपनीत माझ्याच वर्गात शिकलेला पोरगा हजेरीपाशी उभा होता. “मॅडम, उशीर का?”

“आमच्या घरची घड्याळं आता बरोबर आहेत,” मी म्हणाले, आणि त्याने दुसरा ‘का’ विचारायच्या आत सही करून आत सटकले.