पांढरी ओढणी आणि लाल गडगा
आज दुकानाचा खण आवरताना अत्तराची रिकामी कुपी हाती लागली, आणि तिच्या वासासरशी ती सकाळ आठवली. शेजारच्या मोहल्ल्यातली खाला हजच्या अर्जासाठी फोटो काढायला माझ्या स्टुडिओत आली होती. आदल्या वर्षी फोटोपायीच तिचा अर्ज परत आला होता आणि त्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख होती. फोटोत मागचा भाग पांढरा हवा, आणि खालाची ओढणीही पांढरीशुभ्र. “खाला, रंगीत घ्या ना,” म्हटलं तर म्हणाली, “हजच्या फोटोला रंगीत? नाय रे बाबा!” माझा भरवसा नव्या सॉफ्टवेअरवर होता, बटण दाबलं की फोटोतला माणूस ते आपोआप निवडायचं. मी दाबलं, तर त्याने नुसता चेहरा उचलला आणि ओढणी मागच्या पांढऱ्या भिंतीतच सोडली. “माझं डोकं कुठं गेलं?” खाला घाबरून म्हणाली. तेवढ्यात दाराबाहेर कुंपणाचा चिऱ्यांचा लाल गडगा दिसला. तिला त्याच्यापुढे उभं करून पुन्हा फोटो काढला, आणि सॉफ्टवेअरने ओढणी सुरकुत्यांसकट अलगद उचलली. मागे पांढरा रंग भरला, कडेला पुसटशी सावली दिली. या वेळी अर्ज परत आला नाही. हजहून आल्यावर खालाने ही कुपी दिली. “तुझ्यासाठी दुआ मागितली,” म्हणाली, “आणि त्या गडग्यासाठी पण.” आता सॉफ्टवेअर पांढऱ्यातलं पांढरंही ओळखतं. तरी परवा नवीन कुंपण घालताना मी तेवढा गडगा पाडू दिला नाही.