वाळवंटातला लंडनचा पूल

रांजणगावच्या कंपनीनं दादाला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यात पाठवलं, तेव्हा मी शिरूरला कॉलेजात होते. त्याचे फोटो माझ्या फोनवर यायचे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अर्धं आयुष्य मेंढरांमागं माळ तुडवलेला. फोटो बघून ते म्हणाले, "ही अमेरिका? उघडा माळ, निवडुंग, तांबडी माती. ह्याला कुणीतरी भलतीकडंच नेऊन टाकलंय."

मी हसले. पण एका रविवारी सकाळी दादानं दगडी पुलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'लंडन ब्रिज, अ‍ॅरिझोना'. लंडन इंग्लंडात, हे शाळेपासून पाठ. माझ्याही मनात पाल चुकचुकली. नोकरी गेली की काय याची? दुसरीकडंच कुठं राहून थापा मारतोय? मी तडक व्हिडिओ कॉल लावला.

"हितं अजून शनिवारची संध्याकाळ हाय," दादा म्हणाला.

आबा मागं येऊन उभे होते. "बघ! वारबी खोटा सांगतोय."

दादानं फोन फिरवून पूल दाखवला. "आबा, लंडनवाल्यांनी जुना पूल विकायला काढला. इथल्या एका पैसेवाल्यानं घेतला. दगडांवर नंबर टाकून जहाजानं आणला आन् परत जुळवला."

"नदीवर?"

"न्हाई, कोरड्या जमिनीवर. मग खालची माती उकरून तळ्याचं पाणी आत घेतलं."

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "पूल ऱ्हाऊ दे. शर्टाच्या बाह्या वर कर."

दादानं केल्या. आबांनी दोन्ही हात निरखून बघितले. कुणी डांबून मारल्याचे वळ कुठं नव्हते. मी नंतर इंटरनेटवर शोधलं. पुलाचं सगळं खरं निघालं. आबा म्हणाले, "त्यात काय, कुणीबी लिहितं."

पुढच्या आठवड्यात आम्ही दौंडला आत्याकडं गेलो. तिथं आबांनी स्वतःहून पुलाची गोष्ट काढली. आत्याचे यजमान खो खो हसले. "पाव्हणं, पोरगं तुमाला येड्यात काढतंय!"

"म्या डोळ्यांनी बघितलाय!" आबा इतक्या जोरात म्हणाले, की आत्या चुलीपुढून उठून बाहेर आली.

परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. शिरूर जवळ आल्यावर म्हणाले, "घरी गेल्यावर त्याला फोन लाव. वाळल्यागत वाटला मला. जेवतो का न्हाई, ते मातर खरं सांगायचा न्हाई तो."